झाडलेल्या रानातली बोरं

बोरं किती येणार हे सांगायचा मला पगार मिळत होता. असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग हळूच विचारतात, "खरंच अशी नोकरी असती का?" असते. ज्वारी, तूर, करडईचा अंदाज घ्यायला जशी माणसं असतात, तशी फळांचा अंदाज घ्यायलाही लागतात. दर पंधरा दिवसांनी एक तक्ता भरून वर पाठवायचा. कोणत्या भागात कोणतं फळ, झाडांची अवस्था कशी, रोग आहे का, तोडणी कधी, माल किती आणि तोडायला मजूर लागतील का. शेवटच्या रकान्याकडे कुणी बघत नाही, असं मला वाटायचं. पुढं जे झालं ते त्या रकान्यापायीच झालं.

मी लोह्याकडचा. बाप दुसऱ्याच्या रानात सालगडी. शेतीची पदवी घेतलेला मी घरातला पहिला. घरातला कशाला, गावातलाच पहिला. परभणीहून पास होऊन आलो तेव्हा आईनं माझी मार्कलिस्ट देवापुढं ठेवली आणि वरून कुंकू टाकलं. तो डाग अजून तिच्यावर आहे. हे सांगतो कारण त्या वेळी माझ्या डोक्यात काय हवा होती ते वाचणाऱ्याला कळावं. मला वाटायचं, जे बापाला उभ्या जन्मात झाडाकडे बघून कळलं नाही, ते मला एक फांदी मोजून कळतं.

नेमणूक अहमदपूरला मिळाली. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. तालुका तोच, रस्ते तेच, माणसं तीच, पण काल एका जिल्ह्यात होतो आणि आज दुसऱ्यात. शिक्का नवा आला, कागद मात्र जुनेच. छापील तक्त्यावर जुन्या जिल्ह्याचं नाव होतं. ते खोडून वर हातानं 'लातूर' लिहायचं. पाकिटांवरही जुनाच पत्ता छापलेला. लोक विचारायचे, "साहेब, आता आम्ही कुणाचे?" मी ऐटीत सांगायचो, "लातूरचे." मनात माझाही गोंधळच होता. माझं घर नांदेड जिल्ह्यात आणि नोकरी लातूर जिल्ह्यात. माझ्या तक्त्यातली शेवटची बोरीची झाडं तर अशी होती, की एका बांधाच्या अलीकडे माझी आणि पलीकडे नांदेडच्या माणसाची.

त्यात दुष्काळ. मृगात पडला तेवढाच पाऊस, पुढं नुसता वारा. मूग गेला, उडीद गेला, तूर गुडघ्याएवढी होऊन उभी राहिली. तक्त्यात वरपासून खालपर्यंत 'खराब', 'खराब', 'अत्यंत खराब' लिहून माझा हात दुखला. फक्त बोरीचा रकाना रिकामा होता.

बोर हे तऱ्हेवाईक झाड आहे. उन्हाळ्यात पानं टाकून मेल्यासारखं झोपतं. तेव्हा त्याला बुंध्याजवळ छाटायचं. पावसाळ्यात नवी फूट येते आणि त्या फुटीवरच फूल लागतं. दिवाळीच्या अलीकडे वाटाण्याएवढी फळं दिसतात आणि पौष-माघात तोडणी येते. मुळं खोल असतात, म्हणून पाऊस नसला तरी झाड तग धरतं. उलट कोरड्या हवेत भुरीचा रोग पडत नाही. पुस्तकात हे सगळं होतं. आणखी एक गोष्ट होती, लागलेल्या फळांतली बरीचशी गळून जातात. किती गळतात ते साल बघून ठरवायचं.

अहमदपूरच्या वर डोंगरात, जिल्ह्याच्या त्याच बांधाला लागून एक वाडी आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, वाडीच म्हणतो. सगळं रान मुरमाड. तिथं लोकांनी रानबोरींवर डोळे भरून, म्हणजे कलमं करून, मोठ्या बोरांची झाडं केली होती. कुणाची वीस, कुणाची चाळीस. माझ्या तक्त्यात बोरांसाठी तीच मोठी जागा होती.

दिवाळी आठ-दहा दिवसांवर होती तेव्हा मी वाडीला गेलो. कोतवालाला आदल्या दिवशीच निरोप दिला होता. वेशीतच माणसं उभी होती. म्हातारे हात जोडून "या साहेब, या" म्हणाले. त्यांच्यातला एकजण दुसऱ्याला म्हणाला, "आपल्यासारख्याचंच लेकरू हाय म्हणं. बाप सालगडी हाय." हे ऐकून माझी छाती फुगली, हे कबूल करायला हरकत नाही.

कोंडाबाईच्या रानापासून सुरुवात केली. पन्नाशीची, काटक बाई. नवरा मारुती, दिवसातून चार शब्द बोलणारा. चाळीस झाडं आणि एक मुलगी, सुमन. ती दहावीत होती, तीन मैलांवरच्या शाळेत चालत जायची.

रान बघून मी थक्क झालो. प्रत्येक झाडाखाली जमीन आरशासारखी स्वच्छ. पहिल्या झाडाखाली तर सडा टाकलेला. त्या दिवसांत वाडीत पाण्याची घागर दीड मैलावरून यायची.

मी रीतसर काम केलं. दर दहावं झाड धरलं. चार दिशांच्या चार फांद्या घेतल्या. फांदीवरची फळं मोजली, एकूण फांद्यांनी गुणलं. मग गळ किती ते बघायला खाली वाकलो. खाली एक फळ नाही. दुसऱ्या झाडाखाली नाही. शेजाऱ्याच्या रानात नाही. अख्ख्या वाडीत नाही.

मी उभा राहून भाषणच ठोकलं. "मुरमाड जमीन, मुळं खोल, म्हणून तुमच्या झाडांना गळ नाही. दुष्काळात हे पीक तुम्हाला तारणार."

लोक ऐकत होते. एक म्हातारी काही बोलायला गेली, तिला सुनेनं कोपरानं ढोसलं. मला ते दिसलं होतं. वाटलं, साहेबासमोर बोलायला लाजते आहे.

निघताना कोंडाबाई मागून आली. "साहेब, एक इचारू का? उसाच्या टोळीचा मुकादम आलाय. परवा गाडी भरायची हाय. आमा दोगांचं नाव लिवलंय त्यानं. गेलो तर सुमीला घिऊन जावं लागतंय, हितं कुनापाशी ठिवू? आन् नेली तर तिची परीक्षा गेली. बोरं खरंच येतील का?"

"मावशी, माघ सरेपर्यंत तोडणी संपायची नाही."

"लिवलं का तसं?"

"लिवलं."

"कागदावर?"

मी तक्ता उघडून दाखवला. तिला वाचता येत नव्हतं. तिनं माझी अक्षरं तरीही नीट बघितली, आणि मान हलवली.

दोन दिवसांनी मुकादमाची गाडी अर्धी रिकामी गेली. कोंडाबाई थांबली, तिचं बघून आणखी दहा घरं थांबली. मला हे कुणीतरी बसस्टँडवर सांगितलं तेव्हा मी त्याला वर एक चहा पाजला.

ऑफिसातही माझं कौतुक झालं. आमचे साहेब भले गृहस्थ होते. तक्ता बघून म्हणाले, "नव्या जिल्ह्यातून वर नुसतं रडगाणं चाललंय. एक तरी 'उत्तम' गेलं बघा. शाब्बास!" मी शेवटचा रकानाही भरला होता, 'तोडणीस स्थानिक मजुरांची मोठी गरज भासेल.'

त्याच दिवसांत मी चाँदभाईंकडं गेलो. चाँदभाई बागवान, अहमदपूरच्या जुन्या घरातले. बाप, आजा सगळे फळांच्या धंद्यात. फळ झाडावर असतानाच बाग बघून सौदा करायचा हा त्यांचा धंदा. लोह्यापासून उदगीरपर्यंत कुठं पेरू, कुठं सीताफळ, कुठं बोर, सगळं त्यांना पाठ. मी सल्ला मागायला गेलो नव्हतो, बढाई मारायला गेलो होतो.

"चाँदभाई, यंदा वाडीची बोरं घ्या. गळच नाही."

चाँदभाई पानाला चुना लावत होते. हात थांबला. "गळ न्हाई? लोह्याकडं बघून आलो, काळ्या रानात झाड हिरवंगार आन् फळ सोळा आन्यांत दोन आनेबी न्हाई. किनवटच्या जंगलात रानबोरं बरी हायत म्हणून रेल्वेनं आलेला एक पोऱ्या सांगून राहिला, पर ती बी गळून राहिली. सगळ्या मुलखात गळ, आन् तुमच्या वाडीत न्हाई?"

"मी स्वतः बघितलं. खाली एक फळ नव्हतं."

"सांगावा धाडून गेलते का?"

"हो. का?"

चाँदभाईंनी पान तोंडात टाकलं आणि उठले. "चला, डिग्रीवाले साहेब. बिगर सांगता जाऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गेलो, पुढं पायी. वाडीत कुणी वेशीत आलं नाही. कोंडाबाईच्या रानात शिरताना मी सवयीनं वर फांद्यांकडे बघायला लागलो, तर चाँदभाईंनी माझी हनुवटी धरून खाली वळवली. "वरचं फळ देवाचं. खालचं बघा, मग समजतं किती ऱ्हाईल."

खाली हिरव्या फळांचा नुसता सडा पडला होता. वाटाण्याएवढी, हरभऱ्याएवढी, काही सुरकुतलेली. पायाखाली फुटत होती. तरी ही चार-पाच दिवसांचीच गळ. चाँदभाई मला बांधापलीकडं उकिरड्याकडे घेऊन गेले. तिथं वाळलेल्या हिरव्या बोरांचा ढीग होता, गुडघ्याएवढा. त्यात शेळ्या तोंड घालत होत्या. मागच्या वेळी याच उकिरड्याला वळसा घालून मी गेलो होतो. बूट खराब होतील म्हणून.

कोंडाबाई पदर सावरत आली.

मी विचारलं, "मावशी, हे काय?"

"झाडलेलं हाय."

"कधी?"

"तुमी येणार म्हणून." तिला माझा प्रश्नच कळेना. "कोतवाल म्हणला, साहेब येणार. आपल्यातलं लेकरू शिकून साहेब झालं, ते रानात येणार, मग घाण कशी ठिवायची? समद्या बायांनी दोन दिस झाडलं. घरापुढं झाडतोच की पावना यायचा असला की."

"तेव्हा का नाही सांगितलं, फळ गळतं म्हणून?"

"तुमी म्हणला ना, गळ न्हाई म्हणून." मग ती म्हणाली, "शेजारनीची सासू बोलाया गेलती. आमीच गप केलं. म्हणलं, शिकलेला माणूस हाय, त्याला दिसत असंल पुढचं."

चाँदभाई दुसरीकडं बघत होते. माणूस मोठ्या मनाचा, हसले नाहीत.

मी अहमदपूरला परत आलो तेव्हा दुसरी गोष्ट कळली. वाडीच्या लोकांनी रोजगार हमीच्या कामाची मागणी केली होती, नाला बांधायचं काम. ज्या कचेरीतून मंजुरी यायची, तिथं माझा तक्ता गेला होता. मजूर तोडणीला लागणार आहेत असं शेतीखातंच म्हणतं, मग काम आत्ता कशाला, असा शेरा मारून कागद बाजूला ठेवलेला. त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. त्यांनी माझं वाचलं होतं. तो शेवटचा रकाना कुणीतरी वाचतं हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

मी लगेच दुरुस्ती लिहिली. 'उत्तम' नव्हे 'खराब', मजुरांची गरज नाही. पाकिटात घातली, टपालात टाकली आणि वाट बघत बसलो. आठ दिवस गेले, पंधरा गेले. मग एक दिवस टपाल लावताना माझ्या हातात तसंच एक कोरं पाकीट आलं. वर छापलेला जुन्या जिल्ह्याचा पत्ता. मी दुरुस्ती त्याच पाकिटातून धाडली होती, आणि पत्ता खोडायला विसरलो होतो. लोकांना 'आता तुम्ही लातूरचे' म्हणून सांगत फिरणारा मीच.

शेवटी साहेबांपुढं जाऊन उभा राहिलो.

"आधी उत्तम, आता खराब," साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले. "महिन्यात काय वीज पडली का?"

"नाही साहेब. आधीही खराबच होतं."

"मग उत्तम कुणी लिहिलं?"

"मी."

"का लिहिलं?"

"झाडाखाली गळ दिसली नाही. जमीन झाडलेली होती, ते माझ्या ध्यानात आलं नाही."

"जमीन कुणी झाडली?"

इथं मी अडकलो. बायकांनी माझ्या मानासाठी झाडली, असं लिहून दिलं असतं तर कागद पुढं गेला असता, आणि कुणीतरी शेरा मारला असता, गावकऱ्यांनी वस्तुस्थिती लपवली. ज्यांनी पाण्याची घागर माझ्या पायाखाली ओतली, त्यांच्यावरच ते आलं असतं.

"वाऱ्यानं," मी म्हणालो.

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "चाळीस झाडांखाली? इतका व्यवस्थित वारा?"

"हो साहेब."

"लिहून द्या. 'निरीक्षणात माझी उणीव' असं. नोकरी नवी आहे तुमची, फायलीत राहील हे."

लिहून दिलं. सही करताना आईनं कुंकू टाकलेली मार्कलिस्ट डोळ्यापुढं आली. ती फाईल पुढं कितीदा उघडली गेली आणि किती बढत्या त्यापायी उशिरा आल्या, हे नेमकं सांगता येणार नाही. कदाचित एकही नसेल. मी त्यावर खापर फोडत आलो, एवढं खरं.

काम मंजूर झालं, पण तोवर पौष लागला होता. माझ्या शब्दावर अकरा घरं थांबली होती. काम निघेपर्यंत त्यातली चारच टिकली. बाकीची सात हैदराबादकडं गेली, मुकादम नाही, ओळख नाही, जे मिळेल ते काम धरायला. टोळीबरोबर गेली असती तर निदान एका ठिकाणी तरी राहिली असती. कोंडाबाई चारांत होती. तिनं शेळ्या विकल्या होत्या.

मी नाल्यावर गेलो. ती डोक्यावर मुरमाची पाटी घेऊन चढत होती. मला शिव्या खायच्या होत्या, खरंच. म्हणालो, "मावशी, माझ्यामुळं झालं हे."

तिनं पाटी रिकामी केली. "व्हय, तुमच्यामुळंच झालं." मग कपाळ पुसत म्हणाली, "पर तुमी खरं लिवलं असतं तर म्या मुकादमाच्या गाडीत बसले असते. काम निघतंय म्हणून कुनाला ठावं होतं तवा? आज सुमी उसाच्या फडात भाकरी थापीत असती. ती शाळंत गेलीय."

"आणि ती सात घरं?"

"त्येंचं तुमी त्येंनाच इचारा," ती म्हणाली आणि पाटी उचलून गेली.

हिशेब लागेना. खरं लिहिलं असतं तर सगळी गेली असती. खोटं लिहिलं म्हणून चार राहिली आणि सात देशोधडीला लागली. आणि मी तर खोटंही लिहिलं नव्हतं, मला जे दिसलं तेच लिहिलं होतं.

त्यातून बोरांनी आणखी घोळ घातला. झाडावर जी थोडी राहिली, त्यांना सगळ्या झाडाचा जोर मिळाला. लिंबाएवढी झाली, पिवळीधमक, आणि गोडी अशी की चाँदभाई म्हणाले, "चाळीस वर्षांत असं बोर हाताळलं न्हाई." पण होती मूठभर. त्यांनी एक पेटी आमच्या साहेबांकडं धाडली. साहेबांनी एक खाल्लं, दुसरं खाल्लं आणि मला आत बोलावलं.

"हेच ना ते, 'खराब'?"

"हो साहेब."

"मग पहिला अहवाल काय वाईट होता?"

साहेब तिसरं बोर घेत पुटपुटले, "बोर कळतं, तक्ता कळत नाही." त्यांनाही कळेनासं झालं होतं, हे बघून मला थोडं बरं वाटलं.

सुमन दहावी पास झाली. मार्क जेमतेमच होते, पण पास. निकालानंतर महिनाभरानं, आषाढात, मी वाडीला गेलो. या वेळी सांगावा धाडला नव्हता. पाऊस जरा बरा होता. बोरींना नवी फूट येत होती, बोटभर. कोंडाबाई बांधावर बसली होती. शेजारी सुमन अकरावीचा फॉर्म मांडीवर घेऊन बसलेली. अहमदपूरला रोज एसटीनं जायचं तिच्या मनात होतं.

कोंडाबाई म्हणाली, "मुकादम गावात आलाय. जोड्या लिवून घेऊ लागलाय. उंद्यापत्तूर होय न्हाई सांगायचंय. बोरं किती येतील औंदा?"

मी झाडाकडं बघितलं. वर बघितलं, खाली बघितलं. फूल यायला दोन महिने होते. फळ त्याच्याही पुढं.

"मावशी, आत्ता सांगता येत नाही."

"कुनालाच?"

"कुणालाच."

"चाँदभाईला?"

"त्यांनाही नाही."

तिनं सुमनकडं बघितलं. सुमन फॉर्मवरची धूळ झटकत होती, जी त्याच्यावर नव्हतीच.

"मंग बोरांचं ऱ्हाऊ द्या," कोंडाबाई म्हणाली. "ऱ्हाऊ का जाऊ, येवढं सांगा."

तसा रकाना आमच्या तक्त्यात नव्हता. मी शिकलेला माणूस, मला माहीत होतं की जे दिसत नाही ते बोलू नये. वर्षभरात तेवढं एक मला नीट शिकायला मिळालं होतं.

"ऱ्हावा," मी म्हणालो.

ती उठली, लुगडं झटकलं आणि मुकादमाला सांगायला गावाकडं निघाली. सुमन माझ्याकडं पेन मागत होती, आणि मला ते ऐकूच येत नव्हतं.